दलित नियतकालिक आणि वऱ्हाडातला वाचक : वर्गणीच्या प्रश्नाची समीक्षा

१

दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पाच-सहा दशकांत अनेक प्रश्न हाताळले. प्रेरणा, विद्रोह, भाषा, जीवनानुभव आणि सौंदर्यमूल्ये यांवर ग्रंथ निघाले, चर्चासत्रे झाली, प्रबंध लिहिले गेले. परंतु हे साहित्य ज्या नियतकालिकांच्या पानांवर वाढले, ती कोणी विकत घेतली, कोणी वाचली आणि कोणी न फोडता परत केली, हा प्रश्न समीक्षेने आपला मानला नाही. तो व्यवस्थापकाचा प्रश्न ठरला. विचार अंकाच्या पहिल्या पानावर छापायचा आणि वर्गणीचे आवाहन शेवटच्या पानावर चौकटीत टाकायचे, अशी वाटणी आपण करून टाकली.

ही वाटणी चुकीची आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. नियतकालिक आपल्या वाचकाला काय समजते, यावर त्याचे वर्गणीदार ठरतात. वाचकाला दाता समजले की दाते मिळतात, भक्त समजले की भक्त मिळतात. चर्चेतला भागीदार समजले तरच विचारपीठ उभे राहते. म्हणून वर्गणीदार कसे वाढवावेत हा प्रश्न मुळात वैचारिक आहे आणि समीक्षेने तो अंगावर घेतला पाहिजे.

यासाठी वऱ्हाडातले अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे समोर ठेवू. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात बौद्धांचे प्रमाण सुमारे १८ टक्के आणि अमरावती जिल्ह्यात सुमारे १३ टक्के होते. दोन्ही जिल्हे मिळून ही संख्या सात लाखांच्या आसपास जाते. त्याच जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता सुमारे ८१ टक्के होती आणि देशाची एकूण सरासरी ७३ टक्के. म्हणजे ज्या समाजाला अक्षराजवळ येऊ दिले जात नव्हते, तो साक्षरतेत देशाच्या सरासरीपुढे गेला. या हिशेबाने वऱ्हाडातल्या एकेका तालुक्यात आपल्या त्रैमासिकाचे शेकड्यांनी वर्गणीदार असायला हवेत. तसे नाही, हे अशा पत्राशी ज्याचा संबंध आला आहे त्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

कारणे नेहमीची दिली जातात. आपला समाज गरीब आहे, आपल्याकडे वाचनाची परंपरा नाही, मोबाईलने माणसे वाचायची थांबली. यांपैकी एकही कारण पुरते पडत नाही. गावोगावच्या विहारांसाठी आणि जयंतीसाठी हाच समाज वर्गणी देतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. मजुरीच्या पैशातून पुस्तक घेणारी बाई तिथे दिसते. पैसा आहे आणि अक्षरावर श्रद्धाही आहे. मग नियतकालिकच कोठे अडते?

२

आपल्या पत्रांचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचला पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्याला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पत्र निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला. ही घटना आपण सांगतो ती 'केसरी'च्या वृत्तीचा पुरावा म्हणून, आणि तो पुरावा आहेच. पण तिचा दुसरा अर्थ आपल्या कामाचा आहे. प्रस्थापित पत्राने दार लावून घेतल्यावर अस्पृश्यांच्या पत्राला तयार वाचक मिळण्याचा मार्गच उरला नाही. इतर पत्रे शहाण्या-सवरत्या वर्गातून ग्राहक उचलत होती, 'मूकनायक'ला ग्राहक घडवायचा होता. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. पुढे १९२३ मध्ये पत्र बंद पडले. राजाच्या देणगीने पत्र सुरू झाले, पण ते टिकवणारा वाचक देणगीतून निर्माण होत नाही, हा त्याचा धडा आहे.

'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी निघाले. त्याच्या बरोबर चौदा दिवस आधी, २० मार्चला, महाडचे चवदार तळे घडले होते. हा योगायोग समजू नये. तळ्यावर गेलेल्या माणसाला आता काय करायचे हे ठरवायला बोलण्याची जागा हवी होती. विरोधकाला उत्तर द्यायलाही ती हवी होती, आणि पत्राने ती दिली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिथे होता, सत्याग्रह कधी आणि कसा करायचा हा खल होता. भावाच्या मृत्यूची तार बाबासाहेबांना या परिषदेतच मिळाली. आपल्या वऱ्हाडाला विचारपीठाची ओळख झाली ती अशी. जमलेल्या माणसांपुढे निर्णय होता, त्या निर्णयाची जोखीम त्यांचीच होती, म्हणून चर्चा होती.

आणि तरीही 'बहिष्कृत भारत' आर्थिक ओढग्रस्तीतच चालले. १९२८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' हा लेख लिहिला. या शीर्षकातले दोन शब्द आपल्या आजच्या सर्व आवाहनांच्या विरोधात जातात. पहिला शब्द ऋण. ऋण म्हणजे दान नव्हे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, ऋण फेडणे हे कर्तव्य असते, आणि ज्याने घेतले त्यालाच ते फेडावे लागते. दुसरा शब्द लौकिक. परलोकाच्या नावाने लग्न, मर्तिक आणि यात्रेचे देणे कर्ज काढूनही चुकते करणाऱ्या समाजाला ते विचारत होते की, जे पत्र तुमच्या या जन्माच्या माणुसकीसाठी झिजते, त्याचे देणे तुम्ही कोणत्या वहीत लिहिता? असे विचारायला वाचकाला बरोबरीचा समजावे लागते. भिकाऱ्याकडे किंवा यजमानाकडे कोणी ऋण मागत नाही. नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही पत्र थांबले. परंतु वाचकाशी कोणत्या नात्याने बोलावे, याचा पाठ ते देऊन गेले.

'जनता' २४ नोव्हेंबर १९३० ला निघाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. मधले खंड धरूनही हे पत्र सुमारे पंचवीस वर्षे चालले. त्याच्या पाठीशी १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष होता, १९४२ पासून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. पत्र घेणे म्हणजे चळवळीत असणे, असे ते समीकरण होते. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि थोड्याच काळात तो गटांत फुटू लागला. १९६१ मध्ये 'प्रबुद्ध भारत' बंद पडले. २०१७ साली ते नव्याने सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण मधल्या काळाचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या मते तो अर्थ असा : संघटना एक होती तोवर वर्गणीदार संघटनेच्या बळावर मिळाला. संघटना फुटली तेव्हा वर्गणीदारही फुटला, कारण पत्राशी त्याचे स्वतंत्र नाते तयार झाले नव्हते.

३

हे स्वतंत्र नाते का तयार होत नाही, याची पहिली मीमांसा आपल्या श्रद्धेच्या स्वरूपात शोधावी लागते. दीक्षाभूमीवर ग्रंथ विकत घेणारा माणूस नियतकालिकाचा वर्गणीदार होत नाही, यात विसंगती नाही. ग्रंथ घरी नेऊन तसबिरीशेजारी ठेवता येतो. तो न वाचताही आदराची कृती पूर्ण होते. नियतकालिकाला ही सोय नाही. ते तसबिरीशेजारी ठेवता येत नाही, तीन महिन्यांनी शिळे होते आणि वाचले नाही तर रद्दी ठरते. त्याची मागणीच वेगळी आहे. ते म्हणते, वाच, मत दे, जमल्यास भांड. श्रद्धेला सवय असलेल्या मनाला ही मागणी परकी वाटते.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या आपल्या मुलामुलींचे उदाहरण घ्या. अमरावतीत आणि अकोल्यात अशा अभ्यासिका जागोजागी आहेत. 'मूकनायक' कधी सुरू झाले, असे विचारले तर तारीख तोंडपाठ मिळते. त्याला मदत कोणी केली, हेही मिळते. 'मूकनायक'चा एखादा अग्रलेख वाचला का, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. १९९० साली महाराष्ट्र शासनाने 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' एकत्र खंडरूपाने काढले. म्हणजे मजकूर दुर्मिळ राहिलेला नाही. एकेकाळचे धगधगते विचारपीठ एका गुणाचा प्रश्न होऊन बसले आहे. याचा दोष मुलांना देणे सोपे आहे. परंतु दरवर्षी ३१ जानेवारीला 'मूकनायक दिन' साजरा करणारे आपण त्या दिवशी हार घालतो, भाषणे करतो आणि त्यातला एक लेखही मोठ्याने वाचून त्यावर वाद घालत नाही. मुले आपल्याकडूनच शिकतात.

नियतकालिकेही या श्रद्धेला शरण जातात. जयंती विशेषांक, महापरिनिर्वाण विशेषांक, धम्मचक्र विशेषांक, आणि त्यांत पुढाऱ्यांच्या व संस्थाचालकांच्या शुभेच्छांच्या जाहिराती. विशेषांक वाईट असतो असे नाही. परंतु विशेषांकाने येणारा वाचक सणाचा वाचक असतो. जाहिरात देणारा पुढारी वाचकच नसतो. त्याच्या पैशावर छापलेल्या अंकात त्याच्या राजकारणाची चिकित्सा येईल, ही अपेक्षा कशी करायची? शंभर वर्गणीदारांचे काम एका जाहिरातीने होते, हा हिशेब व्यवस्थापकाच्या दृष्टीने बरोबर आहे. विचारपीठाच्या दृष्टीने त्यात तोटाच आहे.

४

दुसरी मीमांसा बाहेरच्या वाचकासंबंधी आहे. १९७० नंतर दलित साहित्याला मोठा वाचक मिळाला तो मुख्यतः मध्यमवर्गातून. 'ग्रंथाली'ने वाचकांना आगाऊ पैसे देणारे सभासद करून पुस्तके काढण्याची चळवळ उभारली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये तिच्यातूनच आले. सभासद वाढवण्याचा हा प्रयोग मराठीत मोलाचा होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु या वाचकाचे नाते कोणाशी जुळले, हे पाहिले पाहिजे. ते एका माणसाच्या जखमेशी जुळले. आत्मकथन वाचून तो हळहळला, काहीसा लाजला, आणि पुढच्या आत्मकथनाची वाट पाहू लागला. आपल्या आपसातल्या वादांत त्याला रस नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. जखम बघायला येणाऱ्याकडून चर्चेतली भागीदारी अपेक्षिता येत नाही.

याउलट 'अस्मितादर्श'चा प्रयत्न. १९६७ मध्ये 'अस्मिता' या नावाने औरंगाबादला सुरू झालेले आणि पुढे 'अस्मितादर्श' झालेले हे त्रैमासिक डॉ. गंगाधर पानतावणे यांनी २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत पाच दशके चालवले. त्यांनी मेळावे भरवले आणि त्यांना 'लेखक-वाचक मेळावा' असे नाव दिले. या नावात एक सिद्धांत आहे. लेखक एका बाजूला मंचावर आणि वाचक दुसऱ्या बाजूला सतरंजीवर, ही रचना त्यात नाकारलेली आहे. आजचा वाचक उद्याचा लेखक होईल, हे त्यात गृहीत आहे. खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या किती तरी तरुणांची पहिली कविता अशा पत्रांत आली, आणि ती आली म्हणून तो तरुण वर्गणीदार झाला व त्याने आणखी चार वर्गणीदार केले. दलित नियतकालिकांची वाढ ज्या काळात झाली, त्या काळातले तिचे खरे साधन हेच होते. आवाहनाच्या चौकटीने ते काम कधी केले नाही.

५

तिसरी मीमांसा सर्वांत अवघड आहे, कारण ती आपल्याच घराविषयी आहे. आपल्या पत्रांच्या वर्गणीदारांच्या याद्या नजरेखालून घाला. बहुतांश नावे पुरुषांची. बहुतांश बौद्ध. बहुतांश शिक्षक, प्राध्यापक, बँक आणि सरकारी खात्यांतले नोकरदार. 'दलित' हा शब्द आपण व्यापक अर्थाने वापरतो. त्यात मातंग येतात, चर्मकार येतात, वाल्मीकी येतात, भटके-विमुक्त येतात, आदिवासी येतात, स्त्रिया येतात. यादीत मात्र त्यांतले कितीजण येतात? मुंबईत १९५८ साली भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले होते. त्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तो धागा आपण गौरवाने सांगतो, पण मातंग वस्तीत आपला अंक घेऊन कोण जातो? अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानंतर ऐरणीवर आला आहे. हा वाद कोणाच्याही बाजूने लढवला जावो, तो आपल्याच विचारपीठावर, समोरासमोर लढवला जायला हवा होता. समोरचा माणूस आपल्या यादीतच नसेल तर आपण चर्चा कोणाशी करतो? आपल्याच माणसांना आपले म्हणणे पटवून देणे ही चर्चा नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत तर अमरावतीला स्वतःचा इतिहास आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो दलित स्त्रियांपुढे त्यांनी त्या काळात संततिनियमनाचा प्रश्न उघडपणे मांडला. आजही अनेक घरांत ज्या विषयावर बोलायला संकोच वाटतो, तो विषय वऱ्हाडातल्या एका दलित स्त्रीने ऐंशी वर्षांपूर्वी मंचावरून बोलून दाखवला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये लिहिला तेव्हा कोठे हा इतिहास ठळक झाला. ज्या समाजाच्या स्त्रियांनी हे केले, त्या समाजाच्या पत्राची वर्गणी नवऱ्याच्या नावे येते आणि अंक त्याच्या टेबलावर राहतो. आपल्याला वर्गणीदार दुप्पट करायचे असतील तर ते शोधायला बाहेर जाण्याची गरज नाही. ज्या घरात अंक जातो त्याच घरात दुसरा वाचक बसलेला आहे. फक्त तिचे प्रश्न अंकात आले पाहिजेत, आणि ते मार्चमधल्या एका अंकापुरते येऊन भागणार नाही.

६

चौथी मीमांसा मतभेदाची. विचारपीठ म्हणवून घेणाऱ्या पत्राची कसोटी एकच : त्यात त्याच्या संपादकाविरुद्ध लिहिता येते काय? १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्माला आली आणि १९७४ मध्ये तिच्यात फूट पडली. मार्क्स की बुद्ध, वर्ग की जात, हे त्या फुटीमागचे प्रश्न खरे होते. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यातला तो वाद नीट मांडला गेला असता तर एका पिढीचे शिक्षण झाले असते. परंतु तो वाद पत्रकांतून, सभांतून आणि दैनिकांच्या बातम्यांतून झाला. दोन्ही पक्षांना सारखी पाने देईल आणि तिसऱ्याला प्रश्न विचारू देईल, असे बळकट व्यासपीठ आपल्याजवळ नव्हते. चळवळ फुटते तेव्हा माणसे दोन बाजूंना जातात. पत्रही एका बाजूला गेले की उरलेले वर्गणीदार तुटतात. पुढे नवे पत्र निघते, तेही एका गटाचे. वऱ्हाडात रिपब्लिकन पक्षाच्या गटांची आणि त्यानंतरच्या पक्षांची चढाओढ आपण पाहिलीच आहे. माणूस आधी कोणाचा आहे हे बघून अंक हातात घ्यायचा की नाही हे ठरवण्याची सवय आपल्याला तिच्यातूनच लागली.

पूर्वी मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोप लिहिण्यासाठी थोडी जागा असे. वर्गणी पाठवणारा त्या चार ओळींत कधी लिही, 'मागचा अंक आवडला नाही, तरी वर्गणी पाठवतो.' एखादा वऱ्हाडी गडी लिही, 'अंक पाठवत राहा, पैशाचं पाहू मंग.' हे दोन्ही वाचक मौल्यवान होते. पहिला तर फारच मौल्यवान, कारण त्याचा मतभेद नात्याच्या आत होता. असे पत्र छापण्याचे धाडस जो संपादक करतो, त्याचे वर्गणीदार घटत नाहीत. प्रशंसेची पत्रे छापणारे मासिक वाचकाला नकळत सांगत असते की इथे तुझे काम मान डोलावण्याचे आहे. त्या कामासाठी पैसे कोण देईल? मोबाईलवरच्या गटांत हजार नावे असतात आणि सकाळी 'जय भीम'चे चित्र फिरते. तिथे नाव असणे आणि चर्चेत असणे यांत जे अंतर आहे, तेच वर्गणीदारांची यादी आणि विचारपीठ यांत आहे. संख्या म्हणजे सहभाग, ही समजूत सोडली पाहिजे.

७

मग करायचे काय? नुसत्या दोषदर्शनाने कार्यकर्त्याचे समाधान होत नाही, आणि होऊ नये.

पहिली गोष्ट, वाचनाची जागा नव्याने निर्माण करण्याची गरज नाही. ती आपल्याकडे आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या तीन महिन्यांत वऱ्हाडातल्या गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. शेतातून आलेली माणसे, विशेषतः बायका, रात्री जमतात आणि ऐकतात. देशात क्वचितच एखाद्या समाजाजवळ असे लोकवाचनाचे जाळे असेल. मात्र बहुतेक ठिकाणी हे वाचन पारायणासारखे होते. वाचणारा वाचतो, ऐकणारे ऐकतात, सरणत्तय होते, माणसे घरी जातात. ज्या बुद्धाने कोणाच्या सांगण्यावरून काही मानू नका असे सांगितले, त्याच्या चरित्रावर एकही प्रश्न विचारला जात नाही. या वाचनाला पाव तासाचा प्रश्नोत्तरांचा भाग जोडावा आणि आठवड्यातून एका रात्री आपल्या त्रैमासिकातला एक लेख वाचावा. एका विहाराने एक वर्गणी भरली तर तो एक अंक पन्नास माणसांपर्यंत जातो. ही पन्नास माणसे वर्गणीदारांच्या यादीत दिसणार नाहीत, पण पत्राचे खरे सभासद तेच असतील.

प्रश्न विचारत लोकांपुढे बोलण्याची रीत वऱ्हाडाला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा याच रीतीने कीर्तन करीत. ते प्रश्न टाकत आणि समोरची हजारो माणसे उत्तर देत. उत्तर देता देता माणसाला आपली अंधश्रद्धा आपल्याच तोंडून ऐकू येई. शाळेत न गेलेल्या माणसाने चालवलेले ते विचारपीठ होते आणि त्याला वर्गणीदार कधी कमी पडले नाहीत. आपल्या लेखांची भाषा त्या समूहापुढे वाचता येईल अशी आहे काय, हा प्रश्न प्राध्यापक लेखकांनी स्वतःला विचारावा. 'मूल्यभान', 'आत्मभान' आणि 'अस्तित्वभान' या तीन भानांच्या ओझ्याखाली ऐकणाऱ्याचे भान हरपत असेल तर दोष ऐकणाऱ्याचा नाही.

दुसरी गोष्ट विषयांची. अकोला आणि अमरावती हे कापसाचे जिल्हे आहेत. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर बरेच लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. परंतु त्याच शेतात मजुरी करणाऱ्या भूमिहीन दलित बाईच्या कर्जाचा हिशेब कोण लिहितो? बचत गटाच्या आणि खासगी वित्त कंपन्यांच्या हप्त्यांचा, कंत्राटी शिक्षकाच्या पगाराचा, वेळेवर न येणाऱ्या शिष्यवृत्तीचा, बंद पडणाऱ्या वसतिगृहाचा, सफाई कामगाराच्या ठेकेदारीचा विषय ज्या अंकात असेल, तो अंक त्या त्या माणसाच्या हातात आपोआप जाईल. आपण त्याच्याविषयी लिहितो हे पुरेसे नाही. त्याने लिहिले पाहिजे, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे विद्यार्थ्याने ऐकून लिहून आणले पाहिजे. महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी एवढे काम हाती घेतले तरी दोन वर्षांत पत्राचा चेहरा बदलेल.

तिसरी गोष्ट विश्वासाची. अंक वेळेवर निघावा. उशीर होणार असेल तर ते कळवावे. जोडअंकाच्या नावाखाली दोन अंकांचे पैसे घेऊन एक अंक देऊ नये. वर्षातून एकदा जमाखर्च अंकात छापावा. वर्गणी किती आली, कागदाला आणि छपाईला किती गेले, टपालाला किती गेले, जाहिरात कोणी दिली, हे वर्गणीदाराला कळले पाहिजे. ज्या वर्गणीला आपण ऋणाची फेड म्हणतो, तिचा हिशेब देणे हे पत्राच्या माथ्यावरचे ऋण आहे. ते एका बाजूचे असू शकत नाही.

शेवटी कार्यकर्त्यांना एवढेच सांगायचे आहे. एखाद्याला वर्गणीदार करायला जाताना पावतीपुस्तक आधी काढू नका. अंकातला एक लेख त्याला वाचून दाखवा आणि त्याचे काय म्हणणे आहे ते विचारा. तो म्हणाला की हे चूक आहे, तर तेच लिहून मागा आणि पुढच्या अंकात त्याच्या नावाने छापून त्याच्या दारात नेऊन द्या. त्यानंतर पावती फाडा. वऱ्हाडातल्या प्रत्येक तालुक्यात असे पाच कार्यकर्ते निघाले तर वर्गणीची चौकट शेवटच्या पानावर छापावी लागणार नाही. ती जागा वाचकांच्या पत्रांना देता येईल.